पाचवा उद्गार

लातूर
९ मार्च २०२५, रविवार

ति. सत्यशीलाअक्का,
प्रभूत सलाम.

तुझा मोबाइल दोन महिन्यांपासून नुसता वाजतो, उचलत कुणी नाही. तू पत्रात लिहिलंस की तो बिघडलाय, आता जे काय असेल ते लिहूनच कळव. म्हणून लिहून राहिलो. चांगुणा म्हणते, बायकोला चिठ्ठी लिहायला कधी सवड झाली न्हाई, बहिणीला बरी होते. तिनंही सलाम सांगायला सांगितलंय.

आता मुद्दा. आज उपासनेनंतर उत्तम शुक्रवारची वाटणी झाली. प्रभूनं वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार, त्यावर बोलायला सात माणसं, दुपारी बारा ते तीन. यंदा पहिल्यांदा माझं नाव आलं. तेहतीस वर्षं मी त्या मंदिरात माइक लावला, वायर ओढली, शिट्टी मारणारा स्पीकर गप्प केला. पण माइकच्या पुढच्या बाजूला उभं राहायची ही पहिलीच वेळ. मी हळूच पाळकसाहेबांना सुचवलं होतं की सातवा द्या. शेवटचा असतो, लोक रडायच्या बेतात असतात, कुणीही उभा राहिला तरी जमून जातं. पण सातवा चौदा वर्षांपासून व्यंकटगुरुजींच्या नावावर आहे, सातबाऱ्यावर असावा तसा. मला पाचवा मिळाला. तहानेचा. 'मला तहान लागली आहे', बस. सगळ्यांत छोटा. अक्का, लातुरात एप्रिल महिन्यात तहानेवर बोलायला माणूस कशाला लागतो? नळाची तोटी फिरवली तरी पुरे.

पण मी हार मानणारा नव्हे. एका भोंग्यावर धंदा सुरू केलेला माणूस आहे. पाचवा असा बोलतो की पुढच्या वर्षी सातवा चालत दारात येईल. तयारीसाठी लेंटच्या उपवासाचे चाळीस दिवस चहा सोडलाय. पाळकसाहेबांना सांगितलं, गुरुजींना सांगितलं, मंडळीत तीन-चार जणांना सांगितलं. कॉफी पितो. कॉफीबद्दल मी देवाला काही बोललो नव्हतो.

तू ये. १७ एप्रिलला गाडी पाठवतो. पहिल्या बाकावर, स्पीकरसमोर तुझी खुर्ची. आई गेल्यावर तूच मला अक्षरं शिकवलीस, पवित्र शास्त्र वाचायला लावलंस. सगळं मंदिर वाहवा करेल, पण तू काय म्हणतेस ते कळल्याशिवाय माझं बोलणं बोललं असं मला वाटणार नाही.

तुझा
देविदास

•

हिमायतनगर
१५ मार्च २०२५

चि. देविदास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पाचवा मिळाला ते चांगलं झालं. सातव्यात तू इतका रमला असतास की तीन वाजून गेले तरी प्रभूला मरू दिलं नसतंस.

मला येणं जमणार नाही. शेजारच्या कमलम्माला लकवा होऊन सहा महिने झाले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तिचा मुलगा रेवणप्पा दिवसभर किराणा दुकानात असतो. तिला न्हाऊ घालणं, कूस बदलणं माझ्याकडे आहे. तीस वर्षं दवाखान्यात जे केलं तेच, फक्त आता पांढरी साडी नाही. ती गळ्यातलं लिंग डाव्या मुठीत धरून पडते आणि मी माझी प्रार्थना म्हणते. दोघींचं बरं चाललंय.

तू बोलणार आहेस ते लिहून पाठव. सगळं लिही, गाळू नको. तुझं अक्षर वाईट आहे, पण मी लावीन.

तुझी
अक्का

•

लातूर
२१ मार्च २०२५

ति. अक्का,
प्रभूत सलाम.

तुझा रेवणप्पा आज तुरीच्या डाळीसाठी अडतीवर आला होता, त्याच्याच हाती हे पत्र आणि एक खोकं पाठवतोय.

लिहून पाठव म्हणालीस. अगं, माझं भाषण लिहिण्यात नाही, आवाजात आहे. कागदावर नुसती हाडं दिसतील. म्हणून गोदामाचं शटर ओढलं, चांगला माइक लावला आणि अठरा मिनिटं रेकॉर्ड केलं. ते पेनड्राइव्हवर आहे, पेनड्राइव्ह खोक्यात घातलेला आहे. खोकं म्हणजे छोटा स्पीकर. लाल बटण दाबायचं, बस.

ऐकशील तर कळेल, मी काय काय गोळा केलंय. मी जन्मभर साउंडच्या मशीनजवळ बसून सगळ्या जगाचं ऐकलेलं आहे. कीर्तनकार कुठं थांबतो, उर्सातला कव्वाल कुठं हात वर करतो, उमेदवार कुठं घसा खाकरून 'माझ्या मायबाप बंधूंनो' म्हणतो, सगळं कानात आहे. त्यातलं थोडं थोडं घेतलंय. डोळे मिटून प्रार्थना चालू असताना मंदिरात कोण पेपरमिंटचा कागद सोडतंय हे मला ओळखू येतं, तर लोकांना काय धरून ठेवतं हे न कळायला काय झालं. चांगुणानं ऐकलं. म्हणाली, यात तहान कुठं आहे, ही तर पंगत आहे. तिचं सोड.

तू मात्र खरं सांग.

देविदास

•

हिमायतनगर
२७ मार्च २०२५

चि. देविदास,
आशीर्वाद.

खोकं पोचलं. लाल बटण दाबलं की निळा दिवा लागतो, छान दिसतो. कमलम्माच्या खाटेजवळच्या फळीवर ठेवलंय.

तुझं ऐकलं. चांगलं झालंय. तुझ्या बोलण्यात फार जोर आहे रे, खोक्यावर हात ठेवला तर हाताला धडधड लागते. थोडं लांबलंय, पण ते तू ऐकणार नाहीस. कमलम्माला तर इतकं आवडलं की डाव्या हाताची बोटं खाटेच्या दांडीवर आपटायला लागली. सहा महिन्यांत ती पहिल्यांदा हसली. रोज सकाळी खुणेनं मागते.

तरी लिहूनही पाठव. मला वाचायचं आहे.

अक्का

•

लातूर
२ एप्रिल २०२५

ति. अक्का,
प्रभूत सलाम.

तुझं पत्र मी चांगुणाला दोनदा वाचून दाखवलं, 'फार जोर आहे' हे वाक्य तीनदा. रविवारी पाळकसाहेबांना सांगितलं की हिमायतनगरात एका लकव्याच्या बाईवर माझ्या भाषणाचा परिणाम झाला. लिंगायत बाई, त्यात शब्द न् शब्द कळत नसेल, तरी बोटं हलली. ते म्हणाले, देवाचं काम आहे. मीही तसंच म्हणालो, पण अक्का, मनात देवाला मी थोडंच श्रेय दिलं. गुरुजींच्या कानावर मुद्दाम घातलं. त्यांनी चष्मा पुसला.

आता कागदाची काय गरज? ऐकलंस ना. तो हट्ट सोड. त्यापेक्षा एवढं सांग, कोणता भाग जास्त लागला? सुरुवातीलाच मी एका ठिकाणी आठ सेकंद गप्प बसलोय, ती जागा कशी वाटली?

आणि कमलम्माजवळ एक दिवस दुसरं कुणी बसेल. भाषण आवडतं, हात ठेवून जोर मोजतेस, आणि यायचं म्हटलं की पाठ फिरवतेस. नाताळला मी आलो तेव्हाही तू गप्प गप्पच होतीस. माझं काही चुकलं का?

देविदास

•

हिमायतनगर
७ एप्रिल २०२५

चि. देविदास,

तुझं काही चुकलं नाही. शेवटचा भाग जास्त चांगला. तिथे हाताला फार जाणवलं. गप्प बसलेली जागाही बरी आहे.

मी येत नाही. कागद पाठव.

अक्का

•

लातूर
११ एप्रिल २०२५

ति. अक्का,

हे पत्र मी गोदामात बसून लिहितोय, घरी लिहवत नाही.

काल औश्याला एक लग्न होतं. संध्याकाळी वरात निघाली. टेम्पोवर माझे सहा स्पीकर, पुढं नवरदेव घोड्यावर, त्याचे पंधरा-वीस दोस्त कंबर बांधून तयार. मी वरातीचा पेनड्राइव्ह लावला आणि आवाज पुरा सोडला. सहा स्पीकरमधून मीच बोलायला लागलो. 'हे तान्हेल्या मानवा, तू कोणत्या विहिरीकडे धावत आहेस?'

घोडं थांबलं. दोस्तांचे हात वरच राहिले. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हात जोडले. नवरीच्या मामाला वाटलं हा काही नवीन प्रकार आहे, पॅकेजमधला. घाईत मी भलतीच बटणं दाबत गेलो, बंद करायला सव्वा मिनिट गेलं. तेवढ्यात माझी ती आठ सेकंदांची गप्प बसायची जागाही येऊन गेली. खरं सांगतो, ती जागा वाईट आहे.

दोन्ही पेनड्राइव्ह काळे होते. ओळखायला दोरा बांधायचा होता, तो राहिला. म्हणजे तुझ्याकडं गेला तो वरातीचा. त्यात माणसाचा एक शब्द नाही, अक्का. नुसता ब्रास बँड आहे, चाळीस मिनिटं.

आधी वाटलं तू माझी थट्टा करतेस. टेम्पोत बसून तसाच रागावलो. घरी आल्यावर तुझी पत्रं काढली, पहिल्यापासून. मोबाइल बिघडलाय. लिहून पाठव. हाताला धडधड लागते. निळा दिवा छान दिसतो. लिहून पाठव. कागद पाठव.

तीन गल्ल्यांपलीकडं कुणाच्या मशीनमध्ये कोणती वायर ढिली आहे हे मी सांगतो. लोक म्हणतात देविदासचा कान म्हणजे कान.

अक्का, तुला कधीपासून ऐकू येत नाही?

देविदास

•

हिमायतनगर
१४ एप्रिल २०२५

चि. देविदास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आधी खूप हसले. कमलम्मालाही खुणेनं सांगितलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की, हिला आत्ता कळलं का! बिचारीला वाचा असती तर तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. एकीला ऐकू येत नाही, एकीला बोलता येत नाही, आणि दोघी मिळून तुझं प्रवचन ऐकत होतो.

दोन वर्षं झाली. आधी डावा कान गेला. उजव्याला फोन अगदी कानाशी धरला तरच यायचं, नाताळच्या आधी तोही गेला. नाताळला तू आलास, दोन तास बोललास, मी मान हलवत बसले. जाताना तू कागदावर आपला नवा पत्ता लिहून दिलास, आणि त्याखाली लिहिलंस, 'तुझ्याशी बोललं की हलकं वाटतं.' तेवढंच मला त्या दिवशी कळलं.

सांगितलं नाही, कारण तुला मी ओळखते. तू गाडी घेऊन आला असतास, मला उचलून लातूरला नेलं असतंस, चार डॉक्टर आणि पाच मशिनं केली असतीस. इथे कमलम्माला कोण बघणार? आणि लाजही वाटली. नर्सबाईला ऐकू येत नाही हे गावात सांगायला नको वाटलं.

इथल्या मंदिरात दर रविवारी जाते. मागच्या बाकावर बसते. लोक उठले की उठायचं, बसले की बसायचं. फळ्यावर गीताचा नंबर असतो, तो वाचून पुस्तकातून मनात म्हणते. एकदा सूचना चालू होत्या आणि मला वाटलं शेवटचा आशीर्वाद आहे, मी एकटीच डोळे मिटून उभी. पाळकसाहेबांना वाटलं बाईला वर्गणीबद्दल काही बोलायचंय. मी आधी अशा बायांना नावं ठेवायची, नुसती उठबस करणाऱ्यांना. आता दोन वर्षं तीच करते. सोडवत नाही. पण देविदास, उठबशीनं पोट भरत नाही रे. दोन वर्षांत एक नवीन शब्द माझ्यापर्यंत आला नाही. उत्तम शुक्रवारी तीन तास मी लोकांचे ओठ बघत बसते, आणि घरी येऊन पूर्वी प्रवचनं उतरवलेल्या जुन्या वह्या वाचते.

तू बोलणार म्हणून वाटलं, या वर्षी एक तरी उद्गार मला वाचायला मिळेल. एवढंच होतं. बाकी रुसवा-फुगवा काही नाही.

अक्का

•

लातूर
१९ एप्रिल २०२५, शनिवार

ति. अक्का,
प्रभूत सलाम.

तुझं पत्र परवा दुपारी मिळालं. सोबत दोनशे पानी वही आहे. रेवणप्पाला फोन करून गाठलं, तो आज नांदेडच्या स्टँडवर माझ्या माणसाकडून घेईल. अक्षर वाईट आहे, लाव.

काल काय झालं ते सांगतो. मी मशीनजवळ बसलोच नाही. मागच्या बाकावर जाऊन बसलो, वही मांडीवर घेऊन. सातही उद्गार उतरवून घ्यायचे असं ठरवलं. पहिला पाळकसाहेबांचा. ते बोलायला लागले आणि मला घाम फुटला. एक म्हणजे त्यांचा वेग, एक्स्प्रेस गाडीसारखा. दुसरं म्हणजे, अक्का, मागच्या बाकावर काही ऐकूच येत नाही. ती सगळी व्यवस्था माझी आहे. माझ्या नावाची पाटी आहे त्या स्पीकरवर, दान म्हणून. तेहतीस वर्षं मी पुढं मशीनजवळ बसून म्हणत होतो, वा, काय आवाज आलाय.

चार ओळी सुटल्यावर मी उभा राहिलो. मंदिरात असं कुणी उभं राहत नाही, तेही त्या दिवशी. म्हणालो, "पाळकसाहेब, जरा हळू. लिहून घेतोय."

सगळ्या माना वळल्या. चांगुणानं पदर तोंडाला लावला. तेवढ्यात माझ्या शेजारून दगडोबामामा बोलले, "आन् जरा मोठ्यानं. आमाला तर हितं कधीच काय येत न्हाई."

मी विचारलं, किती वर्षांपासून? ते म्हणाले, तू मशीन बसवल्यापासून.

पाळकसाहेब भले माणूस. त्यांनी माइक बाजूला केला, दोन पावलं पुढं आले आणि सावकाश बोलले. मग बाकीचेही तसेच बोलले. लिहिता लिहिता मला पहिल्यांदाच कळलं की हे लोक काय म्हणतात. आजवर मी नुसता आवाज ऐकत होतो, कुठं फाटतो, कुठं घुमतो. गुरुजींचा सातवा तर मला तोंडपाठ आहे असं मी सांगत फिरायचो. लिहायला घेतला तेव्हा त्यात त्यांच्या मेलेल्या लेकीबद्दल एक वाक्य निघालं. पान ९१ वर आहे. ते चौदा वर्षं दरवर्षी म्हणतात. मला ठाऊक नव्हतं.

आता पाचवा. चौथ्याची शेवटची ओळ मी लिहीत होतो आणि कुणीतरी कोपर मारलं, तुझी पाळी. अठरा मिनिटांचं भाषण खिशात होतं. पुढं गेलो, कागद काढला, पहिली ओळ पाहिली. तान्हेल्या मानवाची. मला ते घोडं आठवलं. कागद परत खिशात ठेवला आणि पेनड्राइव्हची गोष्ट सांगितली. तुझं नाव घेऊन. लोक हसले, अक्का. उत्तम शुक्रवारी मंदिरात हसले, पाळकसाहेबसुद्धा. मी हसू थांबायची वाट पाहिली. मग म्हणालो, "तिला तहान लागली होती. ती तीनदा मागत होती आणि मी तिला वरातीचा बँड पाजला." आणि जागेवर येऊन बसलो. सगळं मिळून तीन मिनिटं झाली असतील.

कुणी वाहवा केली नाही. गुरुजी बाहेर पडताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. पुढच्या वर्षी सातवा मिळेल असं दिसत नाही.

माझा पाचवा वहीत पान ५८ वर आहे, अर्धं पान. ते अठरा मिनिटांचं भाषणही जोडलंय, मागे लागशील म्हणून. वाचू नको.

कानाच्या डॉक्टरचं मी काही बोलत नाही. तू म्हणशील तेव्हा. स्पीकर मात्र सोमवारी मागे सरकवतोय, आणि दगडोबामामांना विचारून. उद्या सकाळी पुनरुत्थानाची उपासना झाली की चहा घेईन. कॉफीचंही देवाला सांगून टाकलं.

तुझा
देविदास

•

हिमायतनगर
२४ एप्रिल २०२५

चि. देविदास,
पुनरुत्थित प्रभूच्या नावात आशीर्वाद.

वही मिळाली. तुझं अक्षर कुणाला वारसाहक्कानं देऊ नको. तरी लावलं. पहिले चार दोन दिवसांत झाले. पान ९१ आधीच काढून वाचलं. गुरुजींना माझा सलाम सांग.

मनात वाचत होते तर कमलम्मानं दांडी वाजवली. म्हणून तिच्यासाठी मोठ्यानं वाचायला घेतलं. माझा आवाज किती चढतो ते मला कळत नाही. दुसऱ्या पानाला रेवणप्पा दुकान सोडून धावत आला, त्याच्यामागे तीन गिऱ्हाइकं. त्याला वाटलं आई गेली. मी वही दाखवली. तो पाठीवर हात बांधून दारात उभा राहिला, ऐकून मग गेला. गिऱ्हाइकं थोडा वेळ आणखी थांबली.

कानाच्या डॉक्टरकडे येईन. नांदेडच्या, लातूरच्या नाही, आणि एका दिवसात परत. पण यंत्र लागलं तरी पत्रं बंद करायची नाहीत. बोलताना तू फार सजवतोस. लिहिताना हात दुखतो म्हणून खरं बोलतोस.

खोकं परत मागू नको. ते आता कमलम्माचं आहे. सकाळी अर्धा तास बँड, दोघींचे हात त्यावर.

काल पाचवा वाचला. अर्धं पानच आहे. बँडची गोष्ट आली तशी कमलम्मा हसायला लागली, अंग हलेपर्यंत. पुढची ओळ मी वाचली आणि वर पाहिलं, तर हसू थांबलेलं आणि ओठ हलत होते. तिला आवाज नाही आणि मला कान नाही. मी वाकून तिच्या ओठांकडे बघत राहिले. तिसऱ्यांदा कळलं. पाणी मागत होती.

मान उचलून चमच्यानं पाजलं. अर्धी वाटी प्याली.

सहावा आज वाचू.

अक्का